आळशी वाफ्याच्या फळ्या

१

सकाळी पावणेअकराची वेळ. जागा, मिठागराचा शेवटचा वाफा, त्याच्या कोपऱ्यातलं फळ्यांचं दार. ऊन लख्ख होतं, वारा रोजच्यासारखा होता, शेजारच्या वाफ्यांत माणसं कामात होती. दादा खांद्यावर लाकडी फावडं घेऊन बांधावर आला. चपला काढल्या, डबा सावलीला ठेवला, दारावर एक ठोका दिला आणि पाण्यात उतरला. तो वर आला नाही.

ठोक्याचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मिठागरात समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं खेळवत नेतात. उन्हानं ते आटत जातं, जड होत जातं आणि शेवटी मीठ धरतं. मीठ बसून गेल्यावर जे उरतं ते कडवट, तेलकट पाणी शेवटच्या वाफ्यात साठतं. ते हलायचा कंटाळा करतं, म्हणून त्या वाफ्याला सगळे 'आळशी' म्हणायचे. आळशीत पाय टाकला की पाणी पायाला सुखासुखी सोडत नाही. अशा वेळी कुणी दाराच्या फळ्या उचलल्या तर सगळं पाणी दाराकडे ओढ घेणार आणि आतल्या माणसाला सोबत नेणार. फळ्या उचलणारा फळीवाला बसतो बांधाच्या पलीकडे, खालच्या नाल्याकाठी. त्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून उतरणाऱ्यानं दांड्याच्या टोकानं फळीवर एक ठोका द्यायचा. अर्थ, मी पाण्यात आहे. खालून फळीवाला एक ठोका देतो. अर्थ, कळलं, दार बंद आहे. बाहेर आल्यावर दोन ठोके, खालून दोन. वरून दोन आल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. हा नियम कुठल्या कागदावर नाही. पण त्या मिठागरात कागदावरचे नियम रोज मोडायचे आणि हा कधी मोडला नव्हता.

त्या दिवशी वरून एक ठोका पडला. खालून एक गेला. दोन पडलेच नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत चपला आणि न उघडलेला डबा लोकांच्या नजरेत आला. माणसं कमरेला दोर बांधून कमरेएवढ्या पाण्यात फिरली, बांबूंनी तळ चाचपला. माणूस नाही, फावडं नाही. मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे बांधावर तीन खुर्च्या आणि एक छत्री. चौकशीवाल्या साहेबांनी पाण्यात बोट बुडवलं, ते रुमालाला पुसलं आणि निष्कर्ष काढला: इतक्या जड पाण्यात माणूस बुडत नाही, तरंगतो. तरंगताना कुणी दिसलं नाही, म्हणजे कुणी आत नव्हतं. कामगार स्वेच्छेनं काम सोडून निघून गेला. अनवाणी, उपाशी आणि स्वेच्छेनं.

२

दादाची धाकटी बहीण त्याच मिठागराच्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बेसिन, बाटल्यांची मांडणी आणि भिंतीवर एक बंद पडलेला पंखा. रोज सकाळी प्रत्येक वाफ्यातलं पाणी मगानं काढायचं आणि त्यात काचेचा काटा सोडायचा. पाणी जितकं जड, तितका काटा वर तरंगतो. एवढ्यावरून तिला सगळे काटेवाली म्हणायचे. तिच्या पदवीचं नाव कुणाला धड घेता येत नव्हतं, तेव्हा तीही काटेवालीवर खूश होती.

दादा गेल्यावर आठवड्याभरानं ती कामावर परतली. घरी बसवेना. घरी वहिनी होती. वहिनी रडत नव्हती, हेच शेजारपाजारच्यांना खुपत होतं. दोन खोल्यांच्या त्या घरात ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची, दादाचे शर्ट धुवून पुन्हा घडी घालून ठेवायची. नळावर बायका तिला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात बोलायच्या की पुरुष असा उगाच जात नाही, कुणीतरी असणार. दादाच्या जिवलग मित्रानं तर दोन गावं पलीकडे त्याला एका दुकानात पाहिल्याचंही छातीठोकपणे सांगितलं. खोदून विचारल्यावर म्हणाला, पाठमोरा पाहिला.

तीन आठवडे असेच गेल्यावर वहिनीचा भाऊ येऊन सांगून गेला की येत्या रविवारी तो तिला माहेरी न्यायला येईल. टाकून गेलेल्या नवऱ्याच्या घरात बसून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. त्या रात्री जेवताना वहिनीनं नणंदेला एकच गोष्ट मागितली.

"मला तो परत नकोय असं नाही गं. पण तेवढंही मागत नाही मी. तो मला सोडून गेला की नाही, एवढंच मला कळू दे. एकदा तळ बघू दे. तळाशी काही नसेल, तर मी गुपचूप भावाबरोबर जाईन."

तळ बघायचा तर आळशी रिकामा करायला हवा होता. एरवी हंगाम संपला की तो रिकामा होतच असे. पण दोन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांना त्या कडू पाण्याचं गिऱ्हाईक मिळालं होतं. गिऱ्हाईक आज येतं, उद्या येतं करत होतं आणि साहेब जुन्या पाण्यावर नवं पाणी चढवत होते. दोन हंगाम त्या वाफ्याचा तळ कुणी पाहिला नव्हता. काटेवालीनं अर्ज केला. साहेबांनी तो उभ्यानंच वाचला आणि विचारलं, एवढा माल समुद्रात सोडायचा का, एका संशयासाठी? रविवारनंतर पावसाचे ढग दिसू लागणार होते. पाऊस पडला की वर गोड्या पाण्याचा थर बसतो आणि मग पुढच्या हंगामापर्यंत विषयच संपतो. साहेबांना हे ठाऊक होतं. तेही त्याच पावसाची वाट बघत होते.

३

पहिली चूक नळीत दिसली.

काट्याशिवाय तिच्याकडे आणखी एक साधी परीक्षा होती. काचेची लांब नळी पाण्यानं भरायची, वरून छर्ऱ्याएवढी पोलादी गोळी सोडायची आणि ती तळाला पोचेपर्यंत घड्याळ बघायचं. पाणी दाट, तर गोळी सावकाश. आटत जाणाऱ्या खाऱ्या पाण्यात जडपणा आणि दाटपणा हातात हात घालून वाढतात. एक वाढला आणि दुसरा जागचा हलला नाही, असं होत नाही.

तसं झालं होतं. आळशीच्या पाण्यात काटा गेल्या आठवड्याच्याच खुणेवर उभा होता. गोळीला मात्र तळाला जायला दुप्पट वेळ लागला.

तिनं नळी धुतली. गोळी पुसली. घड्याळाचे सेल बदलले. दुसरं पाणी आणलं. पुन्हा तेच. मग तिला वाटलं की आपलं डोकंच ठिकाणावर नाही, झोप नाही, जेवण नाही, काय दिसेल ते खरं कशावरून? म्हणून तिनं शेजारच्या वाफ्याचं पाणी नळीत भरून पाहिलं. गोळी नेहमीसारखी टुणकन तळाशी.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, मॅग्नेशियम. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला मॅग्नेशियम होतं. रात्रीचा गारवा, तळाची माती, शेवाळ, अशी आणखी दोनतीन कारणं त्यांनी उदारपणे देऊन टाकली. तिलाही ती हवीच होती. तिनं एकेक कारण तपासलं. दुपारच्या भर उन्हातलं पाणीही तितकंच दाट. आणि तेच पाणी बाटलीत भरून मांडणीवर ठेवलं की संध्याकाळपर्यंत मुकाट्यानं पूर्वीसारखं पातळ व्हायचं. वाफ्यात असेपर्यंतच ते दाट होतं.

मग तिनं वाफ्याच्या वेगवेगळ्या जागांचं पाणी घेतलं. लांब दांड्याला मग बांधून मधलं, पलीकडच्या कडेचं, दाराजवळचं. सोमवारी सगळ्यात दाट पाणी वाफ्याच्या मध्यावर होतं, जिथे दादा रोज फावडं चालवायचा. मंगळवारी मध्यापासून जरा अलीकडे. बुधवारी त्याच्याही अलीकडे.

पाणी दाट होत नव्हतं. दाटपणा चालत येत होता, दाराकडे.

बुधवारी तिनं मग बुडवून वर काढला तेव्हा पाण्यात त्याचा खळगा राहिला. गोल, मगाच्या तोंडाएवढा. आंबवलेल्या पिठातून पळी काढल्यावर राहतो तसा. ती बघत उभी राहिली. वाऱ्यानं बाकीचे सगळे वाफे शहारत होते आणि आळशी इस्त्री केल्यासारखा गप्प होता. खळगा भरला, पण लगेच नाही. आधी पाण्यानं जरा विचार केला, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःवरच चिडली.

४

गुरुवारी ती बांध उतरून फळीवाल्याकडे गेली.

फळीवाला म्हातारा नव्हता, पण म्हाताऱ्यासारखं वागायची त्याला हौस होती. शेडमध्ये एक बाज, एक माठ, फळ्या उचलायचे आकडे आणि ठोका द्यायची लाकडी मोगरी. पावसाळ्यात जुन्या फळ्या कुजल्या म्हणून यंदाच्या हंगामाला, आतल्या बाजूनं मातीच्या गोण्या रचून पाणी अडवून, नव्या कोऱ्या फळ्या त्यानंच बसवल्या होत्या आणि लग्नातल्या जावयासारखं त्यांचं कौतुक चाललं होतं. साहेबांबद्दल त्यानं दोनचार शेलके शब्द काढले, तिला बसायला बाज दिली आणि स्वतः उकिडवा बसला. तिनं आडवळण न घेता विचारलं, साहेबांना न विचारता फळ्या काढशील का? नोकरी गेली तर दोघांची जाईल.

साहेबांना न विचारता काय, साहेबांना धाब्यावर बसवून काढीन, तो म्हणाला. नोकरीचं त्याला काही वाटत नव्हतं. पण दादाचे दोन ठोके अजून आले नव्हते.

ती म्हणाली, तो येऊन ठोकणार नाहीये, हे तुलाही माहीत आहे.

"ताई, मी बाहेर आलो, हे त्यानं मला सांगायचं असतं. दुसऱ्या कुणी नाही. तुम्हीसुद्धा नाही. दोन येईपर्यंत माझ्यालेखी माणूस आत आहे."

"महिना होत आला."

"एकाचा जबाब तर अजून रोज देतोय ना मी."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं, अगदी सहज, गुरं किती वाजता परततात ते सांगावं तसं. दादा गेल्यापासून रोज, उन्हं चढल्यावर, एक ठोका येतो. तो खालून एक देतो. पहिल्यांदा दचकला होता. वर धावत गेला तर बांधावर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्याला वाटलं की आपण जबाब दिला नाही तर बरं दिसणार नाही.

"कोण ठोकतं, बघायला नको?"

"आपलं काम ऐकायचं. हात आपसूक उचलला जातो, ताई. कुणीतरी म्हणतंय मी पाण्यात आहे. मी म्हणतो दार बंद आहे. त्यात बिघडलं काय?"

ती उठली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण नेमकं कशाबद्दल ते ठरेना. लाकूड उन्हानं तडकतं. नवी फळी खाऱ्या पाण्यात फुगते, आवाज करते. हे तिनं त्याला ऐकवलंही. त्यानं मान डोलावली. तडकत असेल, म्हणाला. मग जाता जाता म्हणाला की गंमत बघा, आधी आवाज लांबून यायचा. आता अगदी फळीला कान लावल्यासारखा येतो.

५

शुक्रवारी ती सकाळपासून बांधावर बसली. डोक्यावर ओला टॉवेल, शेजारी बाटल्यांची टोपली, म्हणजे कुणी विचारलं तर काम चालू आहे. आजूबाजूला मिठाचे ढीग चमकत होते, लांब कुठेतरी ट्रॅक्टर खोकत होता. भीती वाटावी असं त्या जागेत काही नव्हतं.

उन्हं चढली तसं तिला दारापासून पाचसहा हातांवर पाण्यात काहीतरी दिसलं. दिसलं म्हणजे तिथे पाणी नव्हतं. दोन उथळ खळगे शेजारीशेजारी, आणि त्यांच्या पुढे एक रुंद, लांबट खळगा. रात्री कुणी झोपून उठलं की गादीवर अंगाचा दाब राहतो तसा. गादीवरचा दाब आपण हातानं सारखा करतो. हा कुणी सारखा केला नव्हता.

वारा, ती मनात म्हणाली. मग तिनं बाजूच्या वाफ्याकडे पाहिलं, तिथे वाऱ्यानं नुसत्या लहरी उठत होत्या. भोवरा, तळाशी खड्डा, मिठाची ढेकळं. ती एकेक कारण पुढे करत होती आणि तेवढ्यात खळगे सरकले. आधी एक, मग दुसरा, मग पुढचा लांबट. पाण्यातून गुडघ्यांवर पुढे येणाऱ्या माणसाचे गुडघे असेच पाळीपाळीनं सरकतील. फक्त त्या खळग्यांच्या वर कुणी नव्हतं. ऊन होतं. उन्हात एक चिलट होतं.

खळगे दाराशी आले आणि थांबले.

ठोका पडला.

वरच्या फळीवर नाही. बांधावरून उतरताना जिथे ठोकतात तिथे तिचाच हात होता, आणि हाताला काही लागलं नाही. आवाज खालून आला, पाण्याच्या आतून, फळीच्या आतल्या अंगावरून. त्यात एक धातूची किणकिण होती. दादाच्या फावड्याचा दांडा टोकाला चिरायला लागला होता, तेव्हा त्यानं त्यावर पाइपची लोखंडी कडी ठोकून बसवली होती. तो फळीवर ठोकायचा तेव्हा लाकडाच्या आवाजामागून लोखंड बोलायचं. सगळ्या मिठागरात तसा ठोका एकट्याचाच होता.

खालून फळीवाल्यानं मोगरी मारली. एक. दार बंद आहे.

खळगे भरून आले आणि आळशी पुन्हा सपाट झाला.

६

रविवारी सकाळी वहिनीचा भाऊ यायचा होता. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत काटेवाली वहिनीला घेऊन बांधावर आली. रखवालदारानं हटकलं नाही. दादाच्या चपला घरी न्यायच्या राहिल्यात, असं त्याला सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. चौकशीवाल्यांनी त्या बांधावरच ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून नव्हे, विसरून.

आदल्या दिवशी काय पाहिलं ते तिनं वहिनीला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? पाण्यात खड्डा पडला? तिनं फक्त एवढं ठरवलं होतं की तळ दिसला पाहिजे आणि फळीवाला एकाच गोष्टीचं ऐकतो.

तिनं टोपलीतून पाइपचा तुकडा काढला. लोखंडी, दादाच्या कडीच्या मापाचा. वाकली आणि वरच्या फळीवर दोन ठोके दिले. लाकूड, मागून लोखंड. लाकूड, मागून लोखंड.

खाली बाज करकरली. मग मोगरीचे दोन ठोके आले, घाईघाईनं, एकमेकांवर आदळत. फळीवाला काहीतरी पुटपुटत होता. देवाला म्हणत होता की दादाला शिव्या देत होता ते वर कळलं नाही. आकडे वाजले. वरची फळी खाचेतून सरकून वर आली आणि त्यानं ती बांधावर फेकली.

पाणी आलं नाही.

फळी जिथे होती तिथे ते उभं राहिलं, हातभर उंच, सरळ कडेचं, मधून किंचित बाहेर फुगलेलं. वहिनीनं नणंदेचा दंड धरला. मग त्या कडेचा वरचा काठ वाकला आणि पाणी यायला लागलं, जाड, एकसंध, आवाज न करता. खालच्या नाल्यात पडतानाही त्याचा आवाज झाला नाही.

आणि तेव्हा ठोका पडला. एक. अजून जागेवर असलेल्या खालच्या फळीवर, आतून.

दोघींनी ऐकला. संध्याकाळी घराच्या दारावरही दादा त्याच दांड्यानं ठोकायचा. वहिनीला तो आवाज ओळखू येणार नाही असं म्हणणारा चौकशीवाल्यांच्या जातीचा.

खालचे आकडे थांबले. फळीवाल्यानं खालूनच हाक मारली.

"ताई? दादा वर तुमच्याजवळ आहे ना?"

एकाचा अर्थ तिला ठाऊक होता. मी पाण्यात आहे, दार उघडू नका. पण वरची फळी निघाली होती, पाणी सुटलं होतं, आणि उद्या वहिनी कायमची जाणार होती, टाकलेली बाई म्हणून. तळ दिसायला हवा होता. तिच्या डोक्यात त्या वेळी तळाशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि पाण्यात कुणी असू शकत नाही, हे तिला काट्यानं, नळीनं आणि शिक्षणानं शिकवलं होतं.

"आहे," ती म्हणाली. "काढा."

खालची फळी निघाली.

पाण्याबरोबर खळगे आले. तिनं या वेळी नजर हटवली नाही. ते दाराशी पोचले, तिथे जागा अरुंद होती. लांबट खळगा क्षणभर थांबला, मग कुशीवर वळला, निमुळता झाला आणि दारातून गेला. अडचणीच्या दारातून जाताना माणूस अंग चोरतो, तसा. नाल्यात उतरल्यावर तो पुन्हा रुंद झाला. मग बांधाची सावली आली आणि पुढचं दिसलं नाही. पाणी समुद्राच्या दिशेनं गेलं.

संध्याकाळपर्यंत तळ उघडा पडला. पांढरा, कोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणूस नाही. हाड नाही. फावडंसुद्धा नाही.

७

मोठे साहेब आले, बराच वेळ बोलले. दोन वर्षांचा माल वाहून गेला होता, तेव्हा त्यांना बोलायला पुष्कळ होतं. काटेवालीला आणि फळीवाल्याला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. दादाच्या वेळी ज्या चौकशीला आठ दिवस लागले होते, ती या वेळी तासाभरात उरकली. तळाशी काहीही आढळलं नाही, म्हणजे आधीचा निष्कर्ष बरोबर होता, असं चौकशीवाल्यांनी लिहिलं.

दादा वर आलाच नव्हता, हे फळीवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बांधावर चढून आला, इकडेतिकडे पाहिलं आणि दादा कुठे, म्हणून विचारलं. काटेवालीनं हातातला पाइपचा तुकडा त्याला दाखवला. तो खाली गेला, मोगरी घेऊन आला आणि तिच्या पायाशी ठेवून निघून गेला.

वहिनी तळाकडे बघतच नव्हती. ती बांधावर फेकलेल्या फळ्यांपाशी बसली होती. खालची फळी उलटी पडली होती, आतलं अंग वर. हंगामभर पाण्याखाली राहिलेल्या त्या अंगावर बोटभर जाडीचं मीठ चढलं होतं, दगडासारखं. फक्त एका जागी नव्हतं. गुडघ्यावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर लाकूड उघडं पडलं होतं आणि त्यात खळगा होता, वाटीएवढा, आतून गुळगुळीत झालेला. वहिनीनं त्यात बोट घातलं. खळग्याच्या बुडाशी लहान लहान गोल वण होते, एकावर एक, असंख्य. काटेवालीनं पाइपचा तुकडा त्यावर टेकवून पाहिला. नेमका बसला.

"गेला नव्हता," वहिनी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्ता गेला."

नणंदेकडे तिनं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा तिनं त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. ती अजून त्याच दोन खोल्यांत राहते. दोघी एकाच घरात राहतात आणि कामापुरतं बोलतात.

फळी मिठागराच्या गोदामात आहे. फळ्या या हंगामाला नव्या होत्या, हे साहेब मान्य करतात. हंगामभर ते अंग पाण्याखाली होतं, हेही मान्य करतात. बाहेरून तिथे हात पोचत नाही, हे त्यांनी स्वतः हात घालून पाहिलं आहे. तो खळगा फळीला आतून कुणी पाडला, हे काटेवालीनं त्यांना लेखी विचारलं, चौकशीवाल्यांना विचारलं, त्यांच्यावरच्यांना विचारलं. पोच सगळ्यांनी दिली. उत्तर कुणी दिलेलं नाही.